‘पेशंटबरोबर कोण आहे?’ : परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य,
परदेशातली सर्व महाराष्ट्र मंडळं

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातल्याच एका मंडळाचा मी इंग्लंडात एकोणीस वर्षं सभासद होतो, त्यातली सहा वर्षं कार्यकारिणीत. माझ्याकडे खातं होतं चहाचं आणि खुर्च्यांचं. गणपतीत शाळेचा हॉल भाड्याने घ्यायचा, आरतीनंतर खुर्च्या उचलायच्या आणि रात्री दहाच्या आत किल्ली परत द्यायची, हे मी मनापासून केलं. २०२२ च्या जानेवारीत आम्ही दोघं कायमचे परत आलो, चिपळूणजवळच्या आमच्या वाडीत. तेव्हापासून मंडळातले ओळखीचे लोक फोन करतात. त्यांनाही परतायचं आहे. प्रश्न ठरलेले असतात : कंटेनरला किती खर्च आला, तिकडचं घर आधी विकलं की नंतर, बँकेची खाती कशी बदलली, चारचाकी कुठली घेतली. पावसाळ्यात अंग कसं राहतं, आणि रात्री अडीच वाजता छातीत दुखलं तर काय करता, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. आम्हीही निघताना कुणाला विचारलं नव्हतं. म्हणून हे पत्र, आणि तेही मुद्दाम डिसेंबरात लिहितोय, कारण या दिवसांत तुमचे निम्मे सभासद इकडेच असतात. लग्नं, हुरडा पार्ट्या, कोकणात दोन दिवस, सकाळी अंगणात शाल गुंडाळून चहा. आणि त्या चहाबरोबरच एक वाक्य येतं, ‘आता इकडेच यावं असं वाटतं.’

मीही तेच म्हणालो होतो. सव्वीस वर्षांत आम्ही चौदा वेळा भारतात आलो. बारा वेळा नाताळच्या सुटीत, दोनदा अचानक, आई आणि वडील गेले तेव्हा. म्हणजे १९९५ नंतर आमच्या शरीराने इकडचा एकही मे पाहिलेला नव्हता, आणि जुलैही नाही. आठवणीत मात्र सगळं होतं : आंबे, पहिला पाऊस, मातीचा वास. आठवण त्या वेळच्या पस्तिशीतल्या मुलाची होती. परतलो होतो मी, बासष्ट वर्षांचा, मधुमेहाचा आणि रक्तदाबाचा.

पहिल्या मे महिन्यातली गोष्ट सांगतो. आगोटची, म्हणजे पावसाळ्याआधीची, कामं चालली होती. लाकूडफाटा आत घ्यायचा, कौलं चाळायची, पडवीला झडप बांधायची. मी फक्त उभा राहून सूचना देत होतो, तरी चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास अंगणात कोसळलो. शुद्धीवर होतो, पण जीभ जड झाली होती आणि समोरच्या गड्याचं नाव आठवेना. सगळ्यांनी ऊन लागलं म्हणून कांद्याचा रस चोळला. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तर सोडियम १२४, म्हणजे रक्तातलं मीठ फारच उतरलेलं. त्यांनी माझ्या गोळ्यांची डबी पालथी केली आणि एक गोळी बाजूला काढून विचारलं, ‘ही कधीपासून घेता?’ ती इंडापामाइड होती, लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढून रक्तदाब उतरवणारी. नऊ वर्षं घेत होतो. तिकडच्या अठरा अंशांत ती अगदी योग्य होती. इथे दिवसभर घामातून मीठ जात होतं, त्यात गोळी आणखी काढत होती, आणि मी ‘उन्हाळ्यात पाणी भरपूर प्यावं’ म्हणून नुसतं पाणी पीत होतो. तिकडच्या कोणत्याही डॉक्टरने चूक केलेली नव्हती आणि इकडच्यांनीही नाही. गोळी फक्त देश बदलून आली होती आणि हे कुणाला सांगायचं राहिलं होतं.

तेव्हा पहिली गोष्ट ही. निघण्याआधी तिकडच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा की मी उष्ण, दमट हवेत कायमचा राहायला चाललोय, आणि पोचल्यावर पंधरा दिवसांत इकडच्या फिजिशियनसमोर सगळ्या गोळ्या मांडा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या, नैराश्यासाठीचं लिथियम, मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या, या सगळ्यांचं उन्हाशी नातं आहे. मीठ किती, पाणी किती, हे शेजाऱ्याला विचारून ठरवू नका, आणि मला तर मुळीच विचारू नका. कोकमाचं आगळ घालून सरबत करा म्हणतील, चांगलंच आहे, पण आगळात मीठ असतं आणि पन्ह्यात गूळ. आपापल्या आजाराप्रमाणे.

तुमच्यातले काहीजण म्हणतील, आता इंग्लंडातही उकडतं. खरं आहे. आम्ही निघालो त्याच वर्षी, १९ जुलै २०२२ ला, लिंकनशरमधल्या कोनिंग्जबीला ४०.३ अंशांची नोंद झाली. त्यावर फोनवर पुष्कळ विनोद झाले. पण कोकणातलं ऊन आकड्यात सापडत नाही. हवामान खातं मैदानी भागात ४० अंशांपुढे उष्णतेची लाट मोजायला लागतं, किनाऱ्यावर ३७ पासूनच, त्याला कारण आहे. घाम येणं उपयोगाचं नसतं, घाम वाळणं उपयोगाचं असतं. हवाच ओली असेल तर घाम नुसता ओघळतो, अंग थंड होत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा कार्यक्रम भर उन्हात उघड्यावर झाला आणि उष्माघाताने १४ माणसं गेली. पारा चाळिशीच्या खालीच होता. ती माणसं इथलीच होती, या उन्हात वाढलेली. आपण तर सव्वीस वर्षांनी आलेले.

शरीर शिकतं, हे मात्र खरं. रोज थोडा वेळ उन्हाळ्याला सामोरं गेलं तर साधारण दोन आठवड्यांत घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, हृदयावरचा ताण उतरतो. पण त्यासाठी उष्मा अंगाला लागावा लागतो. चोवीस तास एसीत बसणाऱ्याचं शरीर काहीही शिकत नाही, आणि मग पहिल्यांदा वीज जाते तेव्हा पंचाईत होते. (आमच्याकडे वीज जाते. यावर वेगळं पत्र लिहीन.) वय झालेल्याला आणि हृदयरोग असलेल्याला हे शिकणं जमेलच असं नाही, त्यांनी गार खोली जरूर ठेवावी. बाकीच्यांनी जानेवारीत यावं, म्हणजे उन्हाळा हळूहळू चढताना भेटतो. एप्रिलअखेर थेट विमानातून उतरू नये.

मग पाऊस. लंडनला वर्षाला सुमारे सहाशे मिलिमीटर पडतो आणि लोक वर्षभर त्याच्याबद्दल बोलतात. आमच्याकडे तीन हजारांच्या वर पडतो, तोही चार महिन्यांत. पहिल्या जुलैत चामड्याच्या पट्ट्याला हिरवा बुरा आला, पुस्तकांना आला, सौ.च्या तिकडून आणलेल्या कोटांना आला, तोवर हसत होतो. मग तिचा दमा उसळला. तिकडे तिचा दमा मे-जूनमध्ये, गवताच्या परागांनी उठायचा, त्याप्रमाणे पंपाचं वेळापत्रक ठरलेलं. इथे मे ठीक गेला म्हणून तिने रोजचा पंप सोडला, आणि जुलैत बुरशीने तिला गाठलं. त्यातच तीन दिवस वीज नव्हती. माझं इन्सुलिन फ्रीजमध्ये होतं. घाबरून मी ते शेजारच्या बर्फवाल्याकडे नेऊन थेट बर्फात ठेवलं. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं, हे मला मेडिकलवाल्या मुलाने सांगितलं, आणि तेही इतक्या गमतीत की राग आला. न उघडलेल्याला दोन ते आठ अंश लागतात. वापरात असलेलं पेन बहुतेक प्रकारांत तीस अंशांच्या आत चार आठवडे टिकतं, त्याला ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मातीचं मडकं पुरतं. आजी लोणी ठेवायची तसंच.

तापाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपल्या लोकांची इथेच सगळ्यात मोठी चूक होते. तिकडे ताप आला की पॅरासिटामॉल, पातळ पदार्थ, विश्रांती, पाच दिवसांनी बघू. डॉक्टरही तेच सांगतात आणि तिकडे ते बरोबर असतं. इथे पावसाळ्यात ताप आला तर दुसऱ्या दिवशी रक्त तपासायचं. डेंग्यूची एनएस-वन चाचणी पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडते. आणि डेंग्यूची शंका असताना ब्रुफेन किंवा अॅस्पिरिन घ्यायचं नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो. आपल्या प्रत्येकाच्या सामानात तिकडच्या सुपरमार्केटातून आणलेल्या आयबुप्रोफेनच्या पट्ट्या असतात, म्हणून मुद्दाम सांगतो. दुसरा लेप्टो. उंदीर आणि गुरांच्या लघवीतून हे जंतू साचलेल्या पाण्यात, चिखलात येतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून शिरतात. लावणी बघायला हौसेने अनवाणी शेतात उतरणारे परदेशातले पाहुणे मी पाहिलेत, फोटो छान येतात. वेळेत ओळखला तर साध्या अँटिबायोटिकने बरा होतो, उशीर झाला तर मूत्रपिंडं जातात. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे जाणार असाल तर गोचिडीतून येणाऱ्या माकडतापाचीही माहिती करून घ्या. टायफॉइडची लस घ्या, तिकडच्या स्वच्छ पाण्याने आपलं पोट परदेशी झालेलं आहे.

आणि हे फक्त कोकणातलं नाही. पुण्यातल्या नव्या कोऱ्या सोसायट्यांत उतरणाऱ्यांनी २०२५ चा जानेवारी आठवावा. सिंहगड रस्ता, नांदेड गाव या भागात गीयां-बारे सिंड्रोमचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण एकाएकी वाढले, आणि दूषित पाण्याशी त्याचा संबंध लागला. सोसायटीचं पाणी कुठून येतं, टँकरचं की नळाचं, हे जिम आणि स्विमिंग पूलच्या आधी विचारा.

विंचवांचं लिहायचं नव्हतं, पण फोनवर तोही प्रश्न येतो, थट्टेने. आमच्या उत्तरेला महाडमध्ये डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरलं आणि जिथे माणसं पटापट दगावत होती तिथे ती वाचायला लागली. त्यांचं हे काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सांगायचं कारण, इकडचं वैद्यकीय ज्ञान मागासलेलं आहे अशा समजुतीत आपले लोक असतात. इथल्या आजारांचं ज्ञान इथेच आहे. मला अंगणात कोसळल्यावर ज्यांनी सावरलं ते डॉक्टर एमडी आहेत, आणि त्यांचा मोबाइल नंबर माझ्याकडे आहे. सव्वीस वर्षांत तिकडच्या कुठल्या डॉक्टरचा नंबर तुमच्याकडे होता? गुडघ्याचं एमआरआय मला तिसऱ्या दिवशी मिळालं. तिकडे रांगा किती लांब असतात हे तुम्हाला सांगायला नको.

उणीव आहे ती वेगळीच, आणि पत्राच्या मथळ्यात मी तीच लिहिली आहे.

२०२३ च्या सप्टेंबरात मला छातीत दुखायला लागलं. १०८ ला फोन केला, गाडी आली. (ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, ९३७ गाड्यांनी सुरू झाली, आणि फोन केला तर येते. तिच्याबद्दल परदेशातल्यांना काहीच माहीत नसतं.) चिपळुणात ईसीजी झाला, पुढे अँजिओप्लास्टीसाठी कुंभार्ली घाट चढून वर न्यायचं ठरलं. पावसात, रात्री, घाटात. तिथल्या रुग्णालयाच्या दारात स्ट्रेचरवर असताना काउंटरवरच्या मुलीने पहिला प्रश्न विचारला, ‘पेशंटबरोबर कोण आहे?’ सौ. बरोबर होती, पण तिला धाप लागली होती आणि मोबाइलवरून पैसे भरायला तिला अजून जमत नव्हतं. तिकडे असा प्रश्नच नसतो. पेशंट आत जातो, नातेवाईक भेटीच्या वेळेत फुलं घेऊन येतात. इथे बरोबरचा माणूस हा उपचाराचाच भाग आहे. तो डिपॉझिट भरतो, खालच्या मेडिकलमधून इंजेक्शनं आणतो, रक्ताच्या बाटलीसाठी धावतो, सह्या करतो, रात्री खुर्चीत बसतो, डॉक्टर राउंडला येतात तेव्हा नेमका हजर असतो. आमचा मुलगा मँचेस्टरला. त्याने व्हिडिओ कॉल केला, भूलतज्ज्ञांशी फार सभ्यपणे बोलला. रात्रभर खुर्चीत बसला तो आमच्या वाडीतला सुतार. त्याची दोन दिवसांची रोजी बुडाली. मी पैसे देऊ केले तर त्याला राग आला, मग गणपतीत त्याच्याकडून मखर करून घेतलं आणि दोघांनीही ते निमित्त आहे हे माहीत नसल्यासारखं केलं.

परतणाऱ्याने घर बघण्याआधी हा प्रश्न सोडवावा. तुमच्याबरोबर कोण असेल? पुतण्या, शेजारी, पगारी माणूस, कुणीही चालेल, पण नाव हवं, आणि त्याच्याकडे तुमच्या फाईलची आणि खर्चाच्या पैशांची सोय हवी. आणि घर बघायला जाल तेव्हा हृदयरोगाची सोय असलेलं जवळचं रुग्णालय किती लांब आहे, हे जुलैतल्या रात्री गाडी चालवून बघा. नकाशात दिसणारं अंतर आणि घाटात दरड आल्यावरचं अंतर यांचा काही संबंध नसतो.

फाईल म्हणालो, तर तेही. तिकडे आपली सगळी प्रकृती कुणाच्या तरी संगणकात असते आणि आपल्या हातात एक कपटाही नसतो. इकडे पेशंट हाच स्वतःचा दप्तरखाना. ज्याची पिशवी नीट त्याचा उपचार नीट. ब्रिटनमध्ये स्वतःची पूर्ण वैद्यकीय नोंद मागण्याचा कायद्याने हक्क आहे, ती साधारण महिन्याभरात, फुकट मिळते. निघण्याआधी मागा. जुने ईसीजी, स्कॅनच्या डिस्क, लसींची यादी, सगळं. गोळ्यांची कंपनीची नावं नकोत, मूळ औषधाची नावं हवीत. अमेरिकेतून येणाऱ्याने अॅसिटामिनोफेन मागितलं तर इकडचा दुकानदार बुचकळ्यात पडतो, ते आपलं पॅरासिटामॉलच असतं. अल्ब्युटेरॉलला इकडे साल्ब्युटामॉल म्हणतात.

पैशांचं आता. माझ्या त्या अँजिओप्लास्टीचे साडेतीन लाख मी खिशातून भरले. विमा होता, तरी. कारण मधुमेह आणि रक्तदाब हे पॉलिसीच्या आधीचे आजार, आणि त्यांच्यासाठीची थांबण्याची मुदत संपलेली नव्हती. कंपनीने नियमाबाहेर काही केलं नाही. मीच परतल्यावर पॉलिसी घेतली. तेव्हा ही मुदत ४८ महिन्यांपर्यंत असू शकत होती. विमा नियामकाने २०२४ मध्ये ती जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणली, पासष्टीनंतर पॉलिसी मिळणार नाही ही अटही काढली. २०२५ च्या सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेला. पण तीन वर्षं ती तीन वर्षंच. भारतातली पॉलिसी अनिवासी असतानाही घेता येते, आणि मुदत पॉलिसीच्या तारखेपासून मोजली जाते. म्हणजे २०२९ ला परतायचं असेल तर पॉलिसी आत्ता घ्या. आजार लपवू नका. खोलीभाड्याची मर्यादा वाचा, मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर नुसतं भाडं नाही, बाकीचं बिलही त्या प्रमाणात कापलं जाऊ शकतं.

तिकडचं काही कामाला येईल या भरवशावर राहू नका. ब्रिटनची आरोग्यसेवा नागरिकत्वावर मिळत नाही, तिथल्या वास्तव्यावर मिळते. कायमचा देश सोडला की पासपोर्ट ब्रिटिश असला तरी हक्क संपला. ब्रिटिश सरकारी पेन्शन भारतात आल्यावर आहे त्या रकमेवर गोठते, दरवर्षीची वाढ मिळत नाही. हे मला मुंबईच्या विमानात शेजारच्या शीख आजोबांनी सांगितलं, म्हणजे फारच उशिरा. अमेरिकेचं मेडिकेअर भारतातल्या उपचारांचे पैसे देत नाही. आखातातल्यांचा विमा नोकरीबरोबर जातो. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान भारतचं पाच लाखांचं संरक्षण २०२४ पासून उत्पन्न न बघता मिळतं, ते आधारवर चालतं. परकीय पासपोर्ट घेतलेल्यांनी ते हिशेबात धरू नये.

तर मागणी. मंडळाच्या वर्षाच्या कार्यक्रमांत गणपती असतो, दिवाळी पहाट, कोजागरी, लावणीसुद्धा असते. परतणाऱ्यांसाठी एक रविवार ठेवा. पाहुणा बोलावू नका, तुमच्याच मंडळात निवृत्त डॉक्टर, औषधं देणारे फार्मासिस्ट, विम्याचं काम केलेले लोक बसलेले आहेत. परतलेल्या सभासदांची तालुकावार यादी करा, त्यांची परवानगी घेऊन, म्हणजे साताऱ्याला जाणाऱ्याला साताऱ्याचाच माणूस विचारता येईल. आमच्या मंडळात निघणाऱ्याला निरोपसमारंभात शाल आणि श्रीफळ द्यायची पद्धत होती. मलाही दिली. शाल ट्रंकेत आहे, तिलाही बुरा आला. तिच्याऐवजी एक जाड फाईल द्या, कप्पे असलेली.

आणि ज्यांना अजूनही वाटतं की मी घाबरवतोय, त्यांनी आमच्याकडे राहायला यावं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आठ दिवस, आणि जमलं तर जुलैत आठ दिवस. डिसेंबरात नको, तेव्हा खोली रिकामी नसते. पंखा आहे, एसी नाही. मडक्यात पाणी असतं. येताना चीज आणू नका, पेणपर्यंत वितळतं. साल्ब्युटामॉलचा पंप इथे मिळतो, त्याला लावायचा मोठा स्पेसर मात्र सौ.ला तिकडचाच हवा आहे, तेवढा एक आणा.

तुमचा,
चहा-खुर्च्यांचा माजी खातेप्रमुख,
चिपळूणजवळच्या एका वाडीतून
डिसेंबर २०२५